मर्सिडीज ५००ई (डब्ल्यू१२४) घ्यायची आहे, किंमत कशी काढायची?

नेकारकाठचा | शनिवार, रात्री ११:४०

राम राम मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतोय कारण डोकं चालेनासं झालंय आणि घरात या विषयावर बोलायची आता सोय उरली नाही.

मी मूळचा चिंचवडचा, ११ वर्षं झाली श्टुटगार्टजवळ राहतोय. शाळेत असताना आमच्या भागातून कधीमधी ती चौकोनी मर्सिडीज जायची, १२४, जी पुण्यातच जुळणी व्हायची, आणि आम्ही सायकली थांबवून बघत बसायचो. इथे आल्यावर कळलं की याच गाडीचा एक थोरला भाऊ आहे, ५००ई. लांबून बघितली तर टॅक्सी आणि तिचा फरक कळत नाही, जवळ गेलं की चाकांवरचे पत्रे फुगलेले दिसतात, गाडी जरा बसकी वाटते, आणि बॉनेटखाली ५ लिटरचं व्ही८ बसवलेलं, ३२६ हॉर्सपॉवर. १९९० च्या पॅरिसच्या शोमध्ये दाखवली आणि १९९५ ला बंद केली, एकूण १०,४७९ बनल्या. आणि गंमत म्हणजे ती जोडली पोर्शेने. फुगलेल्या पत्र्यांमुळे ती मर्सिडीजच्या सिंडेलफिंगनच्या लाईनवर मावेना आणि पोर्शेकडे तेव्हा काम कमी होतं, म्हणून सांगाडा पोर्शेच्या त्सुफेनहाउझनला बनायचा, रंगाला सिंडेलफिंगनला जायचा, परत त्सुफेनहाउझनला येऊन जोडणी व्हायची आणि डिलिव्हरीला पुन्हा सिंडेलफिंगन. एका गाडीला १८ दिवस. माझं ऑफिस या दोन गावांच्या मधे आहे हो, म्हणजे मी रोज त्याच रस्त्याने जातो, आता सांगा माणसाने काय करायचं.

तर दोन गाड्या बघितल्यात.

अ) १९९४ ची, म्हणजे नाव बदलल्यानंतरची ई ५००, चंदेरी, १,१२,००० किमी, डीलरकडे, ४९,९०० युरो. जाहिरातीत 'कंडिशन २' लिहिलंय. चकाचक आहे, डोळे दिपतात.

ब) १९९२ च्या सुरुवातीची, निळसर काळी, २,३८,००० किमी, खाजगी मालक, श्वेबिश आल्बच्या डोंगरातल्या एका गावात, ३८,५०० युरो. डाव्या फेंडरला गंजाचा फोड दिसतोय, ड्रायव्हर सीटचं लेदर कडेला फाटलंय, एसी गार करत नाही.

माझं बजेट ओढूनताणून ५०. मन अ वर बसलंय. १ लाख विरुद्ध अडीच लाख किलोमीटर यात विचारायचं काय, असं मित्र म्हणतोय. तरी अनुभवी लोकांनी सांगावं. बायकोने एकच प्रश्न विचारलाय, तो खाली कोणी विचारला तरच सांगतो.

कोपऱ्यातला | रात्री ११:५२

पहिला मी! अ‍ॅव्हरेज किती देते?

बव्हेरियाबुवा | रविवार, सकाळी ८:१५

बाकी सगळं छान आहे पण एवढ्या पैशात ऑटोमॅटिक घेऊन काय करणार? त्याच काळातली बीएमडब्ल्यू एम५ घ्या की, ई३४. ३.८ लिटरवाल्यात सरळ सहा सिलिंडर, ३४० हॉर्सपॉवर, हाताने गिअर टाकायचे. ५००ई ला चारच गिअर आणि तेही ती स्वतःच ठरवणार. ही बँक मॅनेजरची गाडी आहे, ड्रायव्हरची नाही.

जुनं_लोखंड | सकाळी ९:३०

बुवा आले, आता धागा शंभरी गाठणार. म्युनिकच्या पाण्यातच काहीतरी आहे.

नेकारकाठचा, जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा. मी याच भागात २० वर्षं जुन्या गाड्यांच्या नादात आहे, स्वतःच्या दोन आणि मित्रांच्या दहा-बारा खरेद्या जवळून बघितल्यात.

पहिली गोष्ट, किलोमीटर डोक्यातून काढा. आपल्याकडे सेकंडहँड गाडी म्हटलं की मीटर बघायचं आणि टायरला लाथ मारायची ही सवय असते. ५००ई च्या इंजिनाला, एम११९ म्हणतात त्याला, अडीच लाख म्हणजे फार काही नाही, तेल वेळेवर बदललं असेल तर. या गाडीचा पैसा पत्र्यात आणि कागदात आहे. इंजिन दुरुस्त होतं, गंजलेला सांगाडा दुरुस्त करताना माणूस दुरुस्त होतो.

दुसरी, जाहिरातीतल्या 'कंडिशन २' ला भुलू नका. इथे १ ते ५ नोटा, म्हणजे श्रेणी असतात, इथल्या शाळेसारख्या, १ सगळ्यात वरची. १ म्हणजे शोरूममधून आजच निघाल्यासारखी, अशी गाडी कोणी चालवतच नाही. २ म्हणजे चांगली, वापराच्या किरकोळ खुणा. ३ म्हणजे वापरलेली पण धडधाकट, लगेच काही करायला लागू नये अशी. ४ म्हणजे काम आहे, ५ म्हणजे सांगाडा घेऊन जा. जुन्या गाड्यांचे भाव काढणारे क्लासिक डेटा वगैरे लोक दर या नोटांवर छापतात. आता विकणारा प्रत्येकजण २ लिहितो, आणि त्यातल्या बऱ्याचशा ३ असतात, काही तर ४ ला रंग दिलेला. २ आणि ३ मधला फरक या गाडीत सहज १५-२० हजार युरोचा पडतो. म्हणजे तुमचं सगळं गणित डीलरने लिहिलेल्या एका आकड्यावर उभं आहे.

तिसरी, अ चा रंगाचा कोड बघितला का? बॉनेट उघडलं की पुढच्या आडव्या पट्टीवर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर नंबर असतो. ब्रिलियंट सिल्वर असेल तर ७४४ पाहिजे.

आणि चासी नंबरात १२४ नंतर ०३६ आहे ना ते दोन्हीकडे बघा. ०३४ असेल तर ती ४००ई, तिला रुंद फेंडर लावून ५०० म्हणून खपवतात.

नेकारकाठचा | सकाळी १०:०५

दोन्ही ०३६ आहेत, तेवढं बघितलं होतं. रंगाचा कोड नाही बघितला :( मंगळवारी परत जातो.

हिशोबनीस | दुपारी १:२०

फ्रँकफुर्टहून. गाड्यांमधलं कळत नाही पण खर्चाचं कळतं, तेवढंच लिहितो.

तुमच्या दोन्ही गाड्या ३० वर्षांच्या पुढे आहेत, म्हणजे जुन्या गाड्यांची एच वाली नंबरप्लेट मिळू शकते, फक्त वय पुरत नाही, तपासनीसाकडून रिपोर्ट लागतो की गाडी मूळ स्वरूपात आणि बऱ्या अवस्थेत आहे. ती मिळाली की वर्षाचा रोड टॅक्स सरसकट १९१ युरो. नाहीतर ५ लिटरचं पेट्रोल इंजिन, प्रदूषणाची श्रेणी युरो १ धरली तर १०० सीसीला १५.१३ च्या हिशोबाने साडेसातशेच्या वर जातो. शिवाय शहरातल्या पर्यावरण झोनमधे एचला आडकाठी नाही.

विमा जुन्या गाड्यांचा वेगळा घ्या. तो स्वस्त पडतो पण अटी असतात, घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी पाहिजे, बऱ्याचदा गॅरेज पाहिजे, वर्षाच्या किलोमीटरला मर्यादा. आणि त्यात गाडीची किंमत आधीच ठरवून घेतात, त्यासाठी स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावं लागतं. ते खरेदीच्या आधी करून घ्या! बहुतेक लोक नंतर करतात आणि मग रडतात.

मूल्यांकनात पण दोन-तीन प्रकारचे आकडे असतात. बाजारभाव म्हणजे खाजगीत दोघांमधे ज्याला व्यवहार होतो तो. पुन्हा तशीच गाडी डीलरकडून आणायला लागणारी रक्कम वेगळी, ती जास्त असते. आणि सगळा खर्च करून उभी केल्याची रक्कम आणखी वेगळी, ती तर कधीकधी बाजारभावाच्या दुप्पट असते. विकणारा तुम्हाला तिसरा कागद दाखवून पहिल्याच्या नावाखाली पैसे मागू शकतो, तर कागदावर नक्की कोणता शब्द छापलाय ते वाचा.

खमंग | दुपारी २:४५

बायकोने काय विचारलं ते सांगा आधी.

नेकारकाठचा | दुपारी ३:००

ती म्हणाली, मागे मधे कोण बसणार? ही गाडी चारच जणांची आहे, मागे दोन स्वतंत्र खुर्च्या आणि मधे खणाचा डबा. आम्ही चौघं. आणि आई मे मधे तीन महिन्यांसाठी येतीये.

खमंग | दुपारी ३:०२

पन्नास हजार युरो देऊन सासू मावत नाही अशी गाडी. तुमच्या बायकोची हरकत नक्की काय आहे म्हणालात?

कोपऱ्यातला | दुपारी ३:१०

फुटलो :D पण अ‍ॅव्हरेज?

पिंपरी_९५ | सायंकाळी ६:३०

मुलांनो, या धाग्याने जुने दिवस आठवले. मी १९९५ ला पिंपरीत जेव्हा पहिली ई२२० निघाली तेव्हा लाईनवर होतो, आता रिटायर. आमच्याकडे सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि आम्ही जोडायचो. ५०० आमच्याकडे कधी आली नाही, ट्रेनिंगला गेलो तेव्हा एकदा उभी बघितली, हात लावायची हिंमत झाली नाही.

एक गोष्ट जपून तपासा, वायरिंग. त्या वर्षांत तारांचं आवरण पर्यावरणाला बरं म्हणून असं वापरलं होतं की ते उष्णतेने काही वर्षांत आपोआप ठिसूळ होऊन झडतं. साधारण ९२ ते ९५ च्या गाड्यांना हा रोग. आणि व्ही८ च्या बॉनेटखाली तर भट्टीच असते. इंजिनाच्या हार्नेसची, म्हणजे तारांच्या जुडग्याची, जाड नळी जिथे संपते तिथे एक बारीक तार हळूच वाकवून बघा. मऊ वाकली तर ठीक, बिस्किटासारखा चुरा पडला तर समजून जा. मग गाडी कधी मिसफायर करेल, कधी कंट्रोल युनिट जाळेल सांगता येत नाही, आणि ती युनिटं हार्नेसपेक्षा महाग. हार्नेसला तारखेचं लेबल असतं, ते गाडीच्या वर्षाचंच असेल तर बदललेला नाही. थ्रॉटलच्या मोटरची पण तीच कथा, तिच्या आतल्या तारा पण त्याच जातीच्या.

दुसरं, जॅक लावायची चार भोकं. बाजूची जी प्लास्टिकची पट्टी आहे, सक्को पट्टी म्हणतात, ब्रूनो सक्को साहेबांच्या नावावरून, तिच्यामागे माती आणि पाणी साठून राहतं. वरून सुंदर दिसते, आत कीर्तन चालू असतं. झाकणं काढून बोट घाला. बोट आत गेलं तर गाडी नको, बोट काळं झालं तर चालेल, बोटाला तपकिरी पापुद्रे लागले तर किमतीवर बोला.

नेकारकाठचा | सायंकाळी ७:१५

काका, दंडवत घ्या. हा प्रतिसाद प्रिंट काढून खिशात ठेवतो.

टोकियोकर | सोमवार, पहाटे ३:४०

इथे जपानमधे या गाड्या बऱ्याच आल्या होत्या आणि आता उलट्या तिकडे परत चालल्यात. ५००ई उजव्या स्टिअरिंगची बनवलीच नाही, एवढं मोठं इंजिन बसवल्यावर त्या बाजूला स्टिअरिंगला जागाच राहिली नाही, पण इथे जर्मन गाडी डावीकडूनच चालवायची अशी हौस होती त्यामुळे अडलं नाही. रस्त्यावर मीठ फारसं पडत नाही अशा भागातली असेल तर पत्रा चांगला सापडतो. मात्र किलोमीटर कमी म्हणजे आराम केला असं नाही, टोकियोच्या ट्रॅफिकमधे उभी राहून तासन् तास इंजिन चाललेलं असतं, रबर आणि प्लास्टिक सगळं भाजून निघतं.

३० वर्षांवरची, मूळ अवस्थेतली आणि संग्रहाच्या वस्तूत बसणारी गाडी युरोपात नेताना ड्युटी शून्य आणि जर्मनीत आयात व्हॅट ७ टक्के लागतो, एरवी १० आणि १९. त्यामुळे डीलर लोकांना हा धंदा परवडतो. अ गाडी तिकडची तर नाही ना ते विचारा. असेल तर वाईट नाही, पण जर्मन सर्व्हिस बुक कुठून येणार?

जोशात_आहे | सोमवार, सकाळी ९:००

घ्या आणि पुढच्या बदलीला पुण्यात आणा, सकाळी कात्रज घाटात काढू!

जुनं_लोखंड | सकाळी ९:२०

नाही येणार. वापरलेली गाडी भारतात न्यायची तर ३ वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. व्हिंटेज म्हणून न्यायची तर ५० वर्षं पूर्ण पाहिजेत. ब १९९२ ची, म्हणजे २०४२ मधे विचारा.

जोशात_आहे | सकाळी ९:२१

थांबतो.

नेकारकाठचा | मंगळवार, रात्री १०:३०

गेलो होतो डीलरकडे. बसून लिहितो, उभ्याने जमणार नाही.

आधी पाटी बघितली. कोड १९९. जुनं लोखंड, तुम्हाला माहीतच असेल, १९९ म्हणजे निळसर काळा. गाडी चंदेरी. मी सेल्समनला विचारलं तर तो म्हणाला मागच्या मालकाला चंदेरी आवडायचा. बरं, आवडायचा तर आवडायचा. मग डिकी उघडून बाजूचं अस्तर थोडं सरकवलं, आत निळा. स्पेअर व्हीलच्या खाली निळा. दाराच्या बिजागरीपाशी चंदेरीवर टेप लावून रंग मारल्याची रेघ, नखाने कळते.

कलीगकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर उसनं नेलं होतं. छतावर १८० मायक्रॉन, ठीक, एकदा वरून मारलाय. दारांवर २५० च्या आसपास. मागच्या डाव्या फुगीर पत्र्यावर लावलं तर ९०० दाखवलं, थोडं खाली सरकवलं तर मीटरने आकडाच दिला नाही. म्हणजे आपल्याकडे लांबी भरतात तसं भरलंय. एवढा वेळ मी तो पत्रा बघून म्हणत होतो काय वळण आहे, काय वळण आहे, आणि वळण पुट्टीचं होतं.

हार्नेसचं लेबल १९९४ चंच. तार वाकवायला गेलो तर सेल्समन म्हणाला हात लावू नका. तिथेच कळलं.

सर्व्हिसचे कागद मागितले, दोन पावत्या, दोन्ही गेल्या वर्षीच्या, एक पॉलिशची.

आणि हो, दहाची वेळ ठरली होती आणि मी पावणेदहाला पोचलो तर बॉनेट गरम. म्हणे जागा बदलायला काढली होती.

जुनं_लोखंड | रात्री १०:५०

गार इंजिन चालू करतानाच सगळं ऐकू येतं, टायमिंग चेनची खडखड, लिफ्टरची टिकटिक. तापवून ठेवलेली गाडी म्हणजे पावडर लावून बसवलेली मुलगी, जुन्या काळच्या बघण्याच्या कार्यक्रमातली. (खमंग बाई, आधीच माफी मागतो.)

ती मूळ निळी गाडी, मागून ठोकलेली, रंग बदललेला, कागद नाहीत. माझ्या मते ३ पण नाही. निम्म्या किमतीला दिली तरी मी घेणार नाही, कारण पुढे विकताना तुम्हालाही हीच गोष्ट कोणीतरी मीटर लावून दाखवणार.

खमंग | रात्री ११:१०

माफ केलं. पण उपमा जुन्या गाडीपेक्षा जुनी आहे, तिला एच प्लेट घ्या.

बव्हेरियाबुवा | रात्री ११:१५

एम५ ला असले प्रॉब्लेम नसतात.

जुनं_लोखंड | रात्री ११:१६

बुवा, त्या फेंडरखालचा फोटो टाका, मग बोलू.

नेकारकाठचा | पुढचा रविवार, रात्री ९:००

काल ब बघायला परत गेलो, या वेळी सकाळी, लिफ्ट असलेल्या मेकॅनिकला बरोबर घेऊन. आल्बवर बर्फ होता, आजोबांनी गाडी गॅरेजमधेच ठेवली होती, हात लावून बघितलं तर बॉनेट बर्फासारखं. वय ७९. दुसरे मालक, १९९७ पासून त्यांच्याकडे.

चालू केली. एक सेकंद खडखड, मग शांत. मेकॅनिकने मान हलवली, बरं आहे म्हणून का वाईट म्हणून ते श्वेबिश माणसाच्या मानेवरून कळत नाही.

जॅकची भोकं: पुढची उजवी चांगली, बाकी तिन्हींत पापुद्रे. मागच्या डाव्या भोकात स्क्रूड्रायव्हर थोडा रुतला. डावा फेंडर बदलावा लागेल. मागच्या काचेखाली ठीक. रंग सगळीकडे ११० ते १४०, फक्त उजव्या दाराला २६०, त्याची २००३ ची पावती आहे, सायकलवाल्याने घासलं होतं. हार्नेस २००६ ला बदललेला, पावती आणि लेबल जुळतं. मागचं सस्पेन्शन हायड्रॉलिक आहे ना, आपोआप उंची सांभाळणारं, ते जरा कडक आपटत होतं, मेकॅनिक म्हणाला त्यातले दाबाचे गोळे गेलेत, ते फार महाग नाहीत. एसी मात्र वाईट बातमी. गॅस भरून काही दिवसांत जातो म्हणजे डॅशबोर्डच्या आतला, हवा गार करणारा इव्हॅपोरेटर गळतोय. पार्ट काही विशेष नाही पण त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढायचा, दोन-तीन दिवसांची मजुरी.

मग आजोबांनी फाईली आणल्या. तीन जाड फाईली, पहिल्या मालकाचं १९९२ चं बिल सुद्धा, आणि त्यावर एक चौकोनी वही. मी विचारलं हे काय. म्हणाले पेट्रोल. १९९७ पासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, मीटर, लिटर, मार्क, मग २००२ पासून युरो. पेन बदललेलं कळतं, एके ठिकाणी कॉफीचा डाग. मी पानं उलटत बसलो आणि मेकॅनिक खोकायला लागला. आमच्या बाबांची चेतकची डायरी अशीच होती हो, ते पण टाकी भरली की पंपावरच सीटवर ठेवून लिहायचे, मागचे लोक हॉर्न वाजवायचे.

आता ३८,५०० मागतायत. काय बोलू?

हिशोबनीस | रात्री ९:३०

ती वही म्हणजे २,३८,००० चा पुरावा आहे. कुठलंही सर्टिफिकेट त्यापुढे फिकं. पण भावनेत वाहून पूर्ण किंमत देऊ नका, कामं कागदावर मांडा.

जुनं_लोखंड | रात्री ९:५५

हीच गाडी. आता किंमत अशी काढायची. आज ती, ही कामं बाकी धरून, ३ वजा आहे. कामं झाली की चांगली ३, कदाचित त्याहून थोडी वर. तर वरच्या भावातून कामांचा खर्च वजा करायचा, पूर्ण, त्यात 'मी स्वतः करेन' असं धरायचं नाही, कारण तुम्ही करणार नाही. जॅकच्या जागा कापून वेल्डिंग आणि नंतर गंज लागू नये म्हणून मेण, फेंडर आणि रंग, इव्हॅपोरेटर, गोळे, टायर किती जुने आहेत ते बघा, बाजूला चार आकडी कोड असतो. सीटचं फाटलेलं वजा करू नका, उलट मूळ लेदर आहे म्हणून ते ठेवा. १९९२ च्या सुरुवातीची म्हणजे ३२६ हॉर्सपॉवरवाली, नंतरच्या ३२० च्या आल्या, फरक चालवताना कळत नाही पण विकताना लोक विचारतात.

शिवाय लक्षात घ्या, तुमची अ गाडी पण मूळ १९९ चीच होती. हिने आपला रंग सोडला नाही.

आणि आजोबांशी भाजीवाल्यासारखी घासाघीस करू नका. या भागातले लोक आकडा विचार करून सांगतात. तुम्ही कामांची यादी द्या, गप्प बसा आणि कॉफी प्या.

पिंपरी_९५ | रात्री १०:२०

वेल्डिंग करताना बॅटरी काढायला सांगा, ५०० ला ती डिकीत असते. आणि मेण आतून फवारायचं, वरून नाही.

नेकारकाठचा | दहा दिवसांनी, रात्री ८:४०

मेकॅनिकने लिहून दिलेली कामं ६,२०० ची झाली. टायर १३ वर्षांचे निघाले ते वेगळे. मी यादी टेबलावर ठेवली आणि ३२ म्हणालो. आजोबा काही बोलले नाहीत. आजींनी केक आणला. आजोबांनी चष्मा लावून यादी ओळ न् ओळ वाचली, गोळ्यांवर पेन्सिलने खूण केली, म्हणाले हे मी मान्य करत नाही, हे मागच्या उन्हाळ्यात ठीक होतं. मग बाहेर बघत बसले. मला वाटलं गेली. पाच एक मिनिटांनी म्हणाले ३४, आणि हिवाळी टायरांचा सेट घेऊन जा, मला काय करायचाय.

३४,००० ला झाली. खाजगी व्यवहार, वॉरंटी नाही असं करारात सरळ लिहिलंय. नवी होती तेव्हा ती १,३४,५२० मार्कांची होती, बिलावर त्यावर एक्स्ट्रा वेगळे. किल्ली देताना आजोबांनी वही दिली नाही, मी पण मागितली नाही. गेटपर्यंत आलो तर आजी मागून घेऊन आल्या.

खमंग | रात्री ८:५५

पुढे? घरी काय झालं?

नेकारकाठचा | रात्री ९:१०

बायको गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, ही तर टॅक्सी आहे.

बव्हेरियाबुवा | रात्री ९:१२

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

नेकारकाठचा | मे चा शेवटचा आठवडा, रात्री १०:००

धागा वर काढतोय, कोणी विचारत होतं म्हणून. वेल्डिंग, फेंडर झालं. मागच्या डाव्या बाजूला अंदाजापेक्षा जास्त कापावं लागलं, ते ८०० वाढले. मूल्यांकन करून घेतलं, नोट ३ वर थोडं झुकतं माप, बाजारभाव ४३,००० आला, म्हणजे सगळं धरून मी पाण्यात नाही पण फार कोरडाही नाही. एच प्लेट मिळाली. तपासनीस अर्धा तास गाडीखाली होता आणि वीस मिनिटं वही वाचत होता. एसी अजून तसाच, हिवाळ्यात डॅशबोर्ड काढणार.

आई आली. गेल्या रविवारी लुडविग्सबुर्गचा राजवाडा बघायला जायचं ठरलं. पाच माणसं, चार खुर्च्या. आई पुढे, पोरं मागे, बायको स्टिअरिंगवर. मी एस-बानने गेलो. स्टेशनबाहेर उभा होतो तर लांबून ती येताना दिसली, मला आधी खरंच टॅक्सी वाटली. बायको उतरली नाही, काच खाली करून म्हणाली तू बागेत जा, आम्ही जरा अजून एक चक्कर मारून येतो.

कोपऱ्यातला | रात्री १०:०४

सगळं वाचलं, मस्त धागा, वाचनखूण साठवली. पण माझ्या पहिल्या प्रश्नाचं काय?

नेकारकाठचा | रात्री १०:२०

परत येताना बायकोने टाकी भरली. वही डॅशच्या कप्प्यात असते. आजोबांच्या शेवटच्या ओळीखाली तिच्या अक्षरात लिहिलंय: ४१२ किमी, ५८.३ लिटर. म्हणजे लिटरला ७ च्या जरा वर.